धोट्याची दोन टोकं

माझा नातू सुट्टीत माझ्याकडे येतो तो संगणक घेऊनच. आल्या आल्या वायर कुठे खोचायची ते विचारतो, पाणी नंतर पितो. त्या संगणकात एक राज्य आहे. त्यात डोंगर आहेत, गुहा आहेत, राक्षस तर पैशाला पासरी आहेत. तिथे जायचं तर आधी स्वतःचा एक वीर घडवावा लागतो. बळ किती, चपळाई किती, अंगावर काय, हातात काय. या घडवण्यातच पोराची सकाळ सरते आणि जेवायला चार हाका माराव्या लागतात. परवा मी शेजारी शेंगा फोडत बसले होते, तर म्हणाला, "आजी, एक शस्त्र आहे. त्याला दोन्ही टोकांना पाती. एका पाळीत दोन वार करता येतात. पण दोन्ही हात त्यातच अडकतात, म्हणजे ढाल धरता येत नाही. आणि एकेक वार जरा हलका पडतो. घेऊ का?"

खरं तर तो माझ्याशी बोलत नव्हता, स्वतःशीच बडबडत होता. म्हाताऱ्या माणसांसमोर पोरं अशी मोठ्याने विचार करतात. पण मी शेंग हातातच धरून विचारलं, "तुझ्याकडे वेळ किती आहे?"

"म्हणजे?"

"भरपूर वेळ असेल तर ढाल घे. नसेल तर दोन टोकांचं घे."

पोरगं खुर्चीतून वळून माझ्याकडे बघायला लागलं. "आजी, तू खेळतेस हे?"

"खेळायचे," मी म्हटलं. "सोलापुरात. नळावर."

तो खो खो हसला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. त्याला वाटलं मी थट्टा केली. मला मात्र त्या दिवशी शेंगा पुऱ्या करवल्या नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठ आलेला तो उन्हाळा. आमची गल्ली शहराच्या पूर्वेच्या अंगाला होती. एका बाजूला आमच्यासारखी गिरणीत जाणाऱ्यांची घरं, समोरच्या बाजूला तेलुगू विणकरांची. त्यांच्या घरांत माग जास्त जागेत राहायचा आणि माणसं उरलेल्या जागेत. दिवसभर त्या घरांतून खटक-खटक आवाज यायचा. आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांची डोकी उठायची. आम्हाला तो आवाज थांबला तरच ऐकू यायचा.

गल्लीच्या तोंडाशी एकच नळ होता. पाणी दुपारी कधीतरी यायचं. कधी म्हणजे कधी, ते नळालाच ठाऊक. सकाळची शिळी भाकरी खाऊन झाली की आया आम्हाला घागरी-कळश्या देऊन रांगेत पाठवायच्या. त्या रांगेचा एक कायदा होता: घागरीजवळ राखण असेल तरच जागा तुमची. राखण नसलेली घागर पायाने बाजूला सरकवायची मुभा सगळ्यांना होती, आणि आमच्या गल्लीतल्या बायका ही मुभा फुकट घालवणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे शाळेला सुट्टी लागल्यापासून आम्ही पोरं दिवसच्या दिवस नळाजवळच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसून असायचो. दुकानाचा पत्रा पुढे आला होता, तेवढीच काय ती सावली.

तिथे बसून बसून मी ते राज्य काढलं. मी म्हणजे मीच, त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. जत्रेतल्या तंबूत पाहिलेलं, पोथीत ऐकलेलं, आणि बरंचसं पदरचं घालून मी एक मुलूख रचला. त्या मुलखात एक खोल विहीर होती आणि विहिरीत एक राक्षस सगळं पाणी गिळून बसला होता. त्याला मारायला वीर निघायचे. वीर म्हणजे बाकीची पोरं. राज्य चालवायचं काम माझं. वाटेत काय भेटलं, दार उघडलं की नाही, राक्षसानं काय केलं, हे मी सांगायचं आणि मी सांगितलं की ते झालं. असा अधिकार मला पुढे आयुष्यात कुठेच मिळाला नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा नाही.

पायरीवर कोळशाने तीन गोल काढायचे: बळ, चपळाई आणि जीव. प्रत्येकाला बारा अख्खे चिंचोके मिळायचे, ते या तीन गोलांत आपल्या मर्जीने वाटून टाकायचे. झाला वीर तयार. मग शस्त्र निवडायचं. वार करायचा तर फोडलेले पाच चिंचोके पायरीवर टाकायचे. फोडलेल्या चिंचोक्याची आतली बाजू पांढरी असते, वरची काळपट. पांढरी बाजू वर आली तर वार लागला, काळी आली तर हुकला; जितके पांढरे, तितके चिंचोके समोरच्याच्या जीवातून जायचे. फटका ढालीनं अडवायचा, नाहीतर चपळाईनं चुकवायचा. राक्षसाच्या बाजूने मी टाकायची. जीवाच्या गोलातले चिंचोके संपले की वीर मेला, आणि मेला तो मेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुसतं बघत बसायचं. हा नियम मी कडक ठेवला होता, कारण पोरं एरवी मरूनही मरत नाहीत.

माझी खास मैत्रीण समोरच्या विणकराची मुलगी होती. आम्ही एका वयाच्या, एकाच नगरपालिकेच्या शाळेतल्या. ती घरी तेलुगू, माझ्याशी मराठी आणि दुकानदाराशी हिंदी बोलायची, आणि तिन्ही भाषांत भांडणात मला हरवायची. पण तिला वेळ नसायचा. तिचे वडील, त्यांना ती नायना म्हणायची, मागावर बसायचे. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम तिचं. टोपलीभर कांड्या भरून झाल्या की ती पळत नळावर यायची, आणि टोपली रिकामी व्हायला लागली की घरातून तिच्या अम्माची हाक यायची. ती हाक रस्ता ओलांडून, रांग ओलांडून थेट पायरीवर येऊन पडायची. तिची कळशी माझ्या घागरीला चिकटून ठेवलेली असायची आणि ती नसली की तिची राखण मी करायची.

तिसरा पक्का गडी म्हणजे वकील. त्याचे वडील सरकारी कचेरीत होते, बदली होऊन आले होते. पोरगा नळावरसुद्धा सदरा खोचून आणि पायात चपला घालून यायचा. मी नियम सांगितला की हा त्याला पोटनियम विचारायचा, म्हणून आम्ही त्याला वकील म्हणायचो. त्यानं आपल्या वीराचे जवळजवळ सगळे चिंचोके जीवाच्या गोलात टाकले होते आणि एक लोखंडी ढाल घेतली होती. इतकी मोठी ढाल की मागे माणूस आहे की नाही कळू नये. राक्षसासमोर जाऊन तो नुसता उभा राहायचा. मारायचा नाही आणि मरायचाही नाही. बाकीची पोरं उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच तलवारी परजत गेली आणि चिंचोके उलटे पडून मेली. वकील आपला उभाच.

मैत्रिणीनं वीर घडवायला बरेच दिवस लावले. पहिले काही दिवस ती नुसती बघायची, अर्ध्यातूनच पळायची. मग एक दिवस परकराच्या ओच्यातून तिनं घरातला एक जुना धोटा काढून पायरीवर ठेवला. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांना सांगते, धोटा म्हणजे वीतभराहून मोठा लाकडाचा तुकडा, होडीसारखा मधे पोकळ. आत कांडी बसते. दोन्ही टोकं निमुळती आणि दोन्हीकडे लोखंडी टोपणं. ताण्याच्या दोऱ्यांमधून तो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे धावतो, म्हणून कापड विणलं जातं.

"माजं शस्त्र हे," ती म्हणाली. "ह्याच्याएवढं न्हाय, माणसाएवढं मोठं. दोनी बाजूनं टोक."

वकिलानं तो हातात घेऊन उलटसुलट केला. "याला मूठ कुठाय?"

"मधी."

"आणि तोंड कुठलं?"

"दोनी."

"हे शस्त्र नाहीच. हे दुतोंडी मांडूळ आहे," वकील म्हणाला आणि आजूबाजूची मेलेली पोरं हसली.

ती हसली नाही. तिनं धोटा मधोमध धरला आणि हवेत एकदा पुढे, एकदा मागे नेला. "जाताना एक वार, येताना एक. एका पाळीत दोन. नायना दिसभर ह्येच करतोय की."

झालं! वकील उभा राहिला. एका पाळीत दोन वार म्हणजे अन्याय, मग सगळेच घेतील, मग नियमाला अर्थ काय राहिला! त्याचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. मी म्हटलं, राज्य माझं आहे. तो म्हणाला, राज्य तुझं असेल पण न्याय सगळ्यांचा आहे. शेवटी त्यानंच तोड काढली: दोन वार चालतील, पण दोन्ही हात अडकले म्हणून ढाल नाही, आणि शस्त्र मधोमध धरलेलं म्हणून वारात जोर कमी, तेव्हा प्रत्येक वाराला पाचऐवजी चारच चिंचोके.

ती एका दमात "चालंल" म्हणाली आणि चिंचोके वाटायला बसली. बळात मूठभर, चपळाईत बाकीचे, आणि जीवात जेमतेम दोन. मला राहवलं नाही. "अगं येडे, ढाल न्हाय, निदान जीव तरी ठेव की! राक्षस एका फटक्यात लोळवंल."

तेव्हा ती जे म्हणाली ते मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं. "मला ढाल धरून बसायला वेळ कुटं हाय? तुमच्या चार पाळ्या होत्यात तवर माजी एक होती. अम्मा हाक मारती. मग त्या एकीतच दोन वार नगं का?"

वकिलानं पाचातला एक चिंचोका उचलून बाजूला ठेवला. तो एवढंच म्हणाला, "चार म्हणजे चारच चिंचोके हं."

या सगळ्या हातघाईत एक गोष्ट राहूनच गेली. पाणी आलं. नळ फुसफुसला, खोकला, त्याची बारीक धार सुरू झाली, मागच्या बायकांनी आमच्या बेवारशी घागरी पायाने बाजूला केल्या आणि रांग आम्हाला ओलांडून पुढे सरकली. आम्ही त्या वेळी मांडूळ या विषयावर होतो. आमचं लक्ष गेलं तेव्हा नळाखाली आमच्या कुणाचीच घागर नव्हती आणि थोड्या वेळात पाणीही नव्हतं. दुष्काळाच्या दिवसांत रिकामी घागर घेऊन घरी जाणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगत नाही. आमच्या आईनं लाटणं शोधण्यात वेळ घालवला नाही, हातानंच काम भागवलं. वकिलाला त्याच्या घरी मारत नसत, पण त्या दिवशी तोही डोळे पुसत होता. आणि समोरच्या अम्मानं आपल्या मुलीला नळावर पाठवणंच बंद केलं. तिच्याऐवजी स्वतः यायची आणि माझ्याकडे अशी बघायची की मी घागरीआड व्हायची.

तिच्यावाचून राज्यात दम नव्हता. वकील ढाल धरून उभा, मी राक्षसाच्या बाजूने चिंचोके टाकते, ढालीवर आपटतात, पुन्हा टाकते. एक दिवस मीच कंटाळून म्हटलं, अरे एक तरी वार कर. तो म्हणाला, "घाई काय आहे?" त्याला खरंच घाई नव्हती.

मग एका सकाळी मला जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. समोरच्या घरातला माग बंद होता. दुपारी मैत्रीण कळशी घेऊन आली, अम्मानं तिला पुन्हा पाठवलं होतं. मला वाटलं, माग बंद म्हणजे कांड्या नाहीत, आता ही दिवसभर आपली. पण तसं काही नव्हतं. माग थांबला म्हणून अम्मानं विड्यांची पानं जास्त आणली होती. ती पानं भिजवायची, कापायची, विड्या वळायच्या, आणि त्यासाठी हाक पूर्वीपेक्षा लवकर यायची.

"माग का थांबला?" मी विचारलं.

"सूत न्हाय. रंगारी म्हनतो, पाणीच न्हाय तर रंगवू कशात? रंग न्हाय तर चादर कशाची इनायची?" मग घागरीच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "काका भिवंडीला हाय. तितं पावरलूम हाय. नायना म्हनतो, पाणी न्हाय आलं तर जाऊ."

मला भिवंडी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण तिथे नळाच्या रांगेतून चालत जाता येत नाही एवढं कळलं होतं.

"म्हनून राक्षस मारायचा हाय," ती म्हणाली. "त्यो मेला की पाणी सुटंल. हितंच राहू मग."

हे ती थट्टेनं म्हणत नव्हती. आम्ही काही कुकुली बाळं नव्हतो. राज्य मी कोळशानं पायरीवर काढलं होतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिनं ते म्हटलं, आणि खरं सांगते, मीही ते मानलं. त्या उन्हाळ्यात मोठी माणसंसुद्धा पाण्यासाठी काय काय करत होती. देव पाण्यात घालत होती, बेडकांची लग्नं लावत होती. त्यामानानं आमचं बरंच रीतसर होतं.

त्या दिवसापासून ती आली की आधी तिची पाळी, असं मी ठरवून टाकलं. वकिलानंही हरकत घेतली नाही. ती यायची, उभ्या उभ्याच चार चिंचोके टाकायची, जाताना एक वार, पुन्हा गोळा करून चार टाकायची, येताना एक, आणि हाक आली की पळायची. तिच्या वीरानं काटेरी रान एका दमात पार केलं, जिथे बाकीचे आठवडाभर अडकले होते. विहिरीच्या पायऱ्या उतरली. राक्षसाच्या अंगावरचे चिंचोके मी एकेक करून काढत होते आणि मनातून खूश होत होते. पण त्याच्या बाजूनं टाकायचं कामही माझंच होतं, आणि त्यात मी कधी हात राखला नाही. एकदा तिला वाचवायला मी चिंचोका बोटानं उलटवायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. "लबाडीनं मेला तर पाणी येतं व्हय?" म्हणाली. मी पुन्हा तसं केलं नाही.

तिचा जीव एकावर आला तेव्हा तिनं वकिलाला विचारलं, "तुजी ढाल जरा माज्याम्होरं धर की."

वकील विहिरीच्या त्याच पायरीवर केव्हाचा उभा होता. "नियमात बसत नाही," तो म्हणाला. "ढाल धरणाऱ्याचीच ढाल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही ना बसत?"

मी नियम कडक ठेवले होते. मी म्हटलं, न्हाय बसत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. आल्या आल्या तिनं चिंचोके उचलले. राक्षसाच्या अंगावर थोडाच जीव उरला होता. पहिला वार टाकला: तीन पांढरे, एक काळा. मी राक्षसाचे तीन चिंचोके काढून घेतले. आता चार उरले. दुसऱ्या टोकाचे चारी पांढरे पडले तर राक्षस खलास. एक जरी काळा पडला तरी राक्षसाची पाळी, आणि तिच्याकडे ढाल नव्हती. पायरीवर सगळे वाकले. मेलेली पोरंही आली. तिनं चिंचोके गोळा केले, मूठ हलवली, आणि हाक आली.

साधी हाक नव्हती ती. अम्मा दारात उभी होती आणि तिच्यामागे कुणीतरी परका माणूस. मैत्रिणीनं मुठीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि ती तशीच धावली. चिंचोके मुठीतच राहिले. कळशीही रांगेतच राहिली. संध्याकाळी मी ती भरून त्यांच्या दारात ठेवून आले, आतून कुणी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पायरीवर बसून होतो. तिची पाळी अर्धी राहिली होती, त्यामुळे राज्य अडकलं होतं. वकिलाची कुरकुर सुरू झाली, चिंचोके घेऊन पळणं कुठल्या नियमात बसतं म्हणून. मी म्हटलं, एवढं आहे तर जा आणि घेऊन ये. तो चपला फटफटवत गेला. आला तो रिकाम्या हातानं आला आणि आपल्या जागी बसला.

"चिंचोके?" मी विचारलं.

"मी मागितलेच नाहीत," तो म्हणाला. "त्यांनी माग सोडवलाय. लाकडं दोरीनं बांधून भिंतीला लावलीत. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा नुसता रिकामा दिसतोय."

थोड्या वेळानं गल्लीच्या आतल्या टोकाकडून एक लॉरी येताना दिसली. चादरींचे गठ्ठे भरलेली, वर ताडपत्री. ड्रायव्हरशेजारी अम्मा मांडीवर धाकट्याला घेऊन बसली होती. मागे गठ्ठ्यांवर, भांड्यांच्या बोचक्याला टेकून नायना आणि तो परका माणूस, म्हणजे तिचा काका, आणि त्यांच्यामधे ती. डोक्याला तेल लावून वेणी घट्ट घातली होती. मांडीवर धोटा होता.

लॉरी नळाजवळ आली तशी रांगेतल्या घागरींमुळे जरा मंदावली. ती गुडघ्यांवर उभी राहिली. मला तू जाऊ नको म्हणायचं होतं, ते नायनासमोर म्हणता येईना. तिनं मूठ वर केली. रात्रभर ते चिंचोके तिच्याकडेच होते.

"दुसरं टोक राहिलंय!" ती ओरडली आणि तिनं मूठ रस्त्यावर टाकली.

चार चिंचोके डांबरावर उडाले. लॉरीनं वेग घेतला. आम्ही दोघं धावलो. वकिलाची एक चप्पल तिथेच निसटली, त्यानं मागे वळून बघितलं नाही. पहिला मला सापडला, पांढरा. दुसरा गटारीच्या काठाशी, पांढरा. तिसरा एका घागरीला टेकलेला, तोही पांढरा. चौथा मला कुठेच दिसेना.

"काय पडलं?" लॉरी वळणावर पोचली होती. तिचा आवाज आला. "काय पडलं गं?"

मी अजून रस्ताच बघत होते. तेवढ्यात माझ्या बाजूला वकील जीव खाऊन ओरडला, "चारी पांढरे! मेला! राक्षस मेला!"

तिनं धोटा मधोमध धरून दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला. ती हसत होती, एवढं मला त्या अंतरावरूनही दिसलं. मग लॉरी वळली आणि नुसती धूळ राहिली.

मी वळले. वकील रस्त्याच्या मधोमध एका जागी उभा होता. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. ते मेअखेरचं ऊन, डांबर पाघळून त्यावर चाकांचे ठसे उमटलेले. आम्ही अनवाणी फिरणारी पोरंही त्या वेळी रस्ता उड्या मारत ओलांडायचो. हा पोरगा उघडा पाय डांबरावर दाबून धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ओठ आवळलेले होते, आणि पाय तसूभर हलत नव्हता.

"चौथा कुटं हाय?" मी विचारलं.

"पांढरा होता," तो म्हणाला.

"दाखीव की."

"पांढरा होता, सांगितलं ना!"

राज्य माझं होतं. अख्ख्या उन्हाळ्यात मी कुणाचा एक चिंचोका न बघता सोडला नव्हता. पाय उचल, एवढंच म्हणायचं होतं, ते तोंडात आलंही होतं. मी त्याच्या पायाकडे बघितलं. तिच्यापुढे धरायची राहिलेली ढाल त्यानं आता धरली होती. मग मी राज्य चालवणाऱ्याच्या आवाजात, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राक्षस मेला."

मागे नळ फुसफुसला. बायका पुढे सरसावल्या. धार करंगळीएवढीच होती, रोजच्यासारखी. आईनं लांबून माझ्या नावानं हाक मारली. मी माझी घागर उचलली आणि वकिलाकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे त्याला पाय उचलता यावा.